सेकिरो पार केला, पण मार्गिटची काठी चुकवता येत नाही. एल्डन रिंग अवघड आहे की लबाड?

पनवेलचा निशाचर
मंडळी, आपल्याकडे गेमिंगवर धागे फार निघत नाहीत, पण दुसरीकडे विचारावं तर 'गिट गुड' (म्हणजे आधी नीट खेळायला शीक) यापलीकडे उत्तर मिळत नाही. म्हणून इथेच विचारतो.

सेकिरो (२०१९) पूर्ण करून मग एल्डन रिंग घेतला. कंपनी तीच, फ्रॉमसॉफ्टवेअर. वाटलं, हात तयार आहे, सोपं जाईल. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात मार्गिट हा बॉस (मोठा शत्रू) भेटला आणि सगळी हवा गेली.

माझी तक्रार 'अवघड आहे' अशी नाही. सेकिरोही अवघडच होता. पण तिथला बॉस गेनिचिरो कितीही पिसाळला तरी त्याचे वार लयीत येतात. तो मारतो, मी अडवतो, ठण्ण आवाज येतो, त्याच्या पॉश्चरची (तोल ढळण्याची) पट्टी भरत जाते. चुकलो तर का चुकलो ते त्याच क्षणी कळतं. मार्गिट मात्र काठी उगारतो आणि चक्क थांबतो. मी रोल (वार चुकवण्याची कोलांटी) मारतो, माझा रोल संपतो, मी उठून उभा राहतो आणि मग तो निवांतपणे काठी डोक्यात घालतो. दारू प्यायला हात उचलला की लगेच सोनेरी सुरी फेकतो. हा बॉस नाही, हा माझं बटण वाचतोय!

तर प्रश्न असा: याला चांगलं डिझाइन म्हणायचं की लबाडी? आणि रोलच्या जागी दुसरं काही करता येतं का?

ता.क.: लांडग्यांची राख (लढाईत मदतीला लांडगे बोलावायची सोय) वापर, हे सांगू नका. ती माझ्याकडे आहे. वापरायची नाहीये.

चहाबाज
शेवटची ओळ वाचली. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

बिनधास्त बाई
ती दारू नाही हो, फ्लास्क आहे. क्रिमझन टिअर्स. माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही त्याला दारू पाजताय.

पनवेलचा निशाचर
@बिनधास्त बाई, मार्गिटसमोर उभं राहून बघा, मग सांगा काय प्यावंसं वाटतं ते.

जुना जाणता
डीमन्स सोल्सपासून (२००९, पीएस३) ही मालिका खेळतोय, त्यामुळे थोडं लांबड लावतो.

तुझं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. मार्गिट मुद्दाम थांबतो. आणि तो तुझ्यासाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी थांबतो. डार्क सोल्स १ (२०११) मध्ये बॉसने हात उचलला की रोल, हे सूत्र बहुतेक ठिकाणी चालून जायचं. तीन डार्क सोल्स आणि ब्लडबोर्न झाल्यावर आमच्या पिढीच्या अंगठ्याला ती सवयच लागली. हात उचलला की रोल. डोकं मध्ये येतच नाही. एल्डन रिंगमध्ये त्यांनी ती सवय मोडायला घेतली आणि पहिल्या मोठ्या बॉसपासूनच घेतली. तू सेकिरोतून आलास, तुझी सवय वेगळी, पण आजार तोच: हालचाल दिसली की बटण.

काठी वर जाणं म्हणजे वार नाही. काठी खाली यायला लागणं म्हणजे वार. एवढंच बघायचं.

सुरीचं म्हणशील तर हो, तिथे तो तुझं पिणं बघून फेकतो. यात लपवण्यासारखं काही नाही, या खेळात बरेच शत्रू तसं करतात. म्हणून त्याचा मोठा वार जमिनीवर आदळला की प्यायचं. तो मोकळा असताना तू प्यायलास तर तो सुरी फेकणारच, तू तरी काय केलं असतंस?

रांगडा गडी
जुना जाणता यांच्याशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. काठीकडे बघूच नका.

मी कोल्हापूरचा. लहानपणी आखाड्यात मर्दानी खेळ शिकलोय. लाठी शिकवताना वस्ताद पहिली गोष्ट सांगायचे, टोकाकडं बघशील तर मार खाशील. टोक सगळ्यात जास्त हलतं आणि सगळ्यात जास्त फसवतं. खांदा बघ. खांदा सुटल्याशिवाय काठी येत नाही. मार्गिटचं पण तसंच हाय. काठी हवेत कितीबी नाचू दे, खांदा फिरला की वार आला.

दुसरं म्हणजे तो उगारून थांबतो ती हूल हाय. समोरच्यानं हूल दिली तर मागं पळायचं नसतं, आत शिरायचं असतं. तो थांबलाय म्हणजे तुला एक फुकटचा वार मिळालाय भावा. मार आणि मग त्याच्या काखेतनं रोल घे. मागं रोल घेतलास तर काठीच्या लांबीत सापडणारच.

कोडवाला
खांद्याचा मुद्दा रोचक आहे, पण इथेच मला निशाचर यांची बाजू घ्यावीशी वाटते. खऱ्या माणसाच्या हातात वजन असतं. जड काठी डोक्यावर नेली की ती तिथे ताटकळत ठेवता येत नाही, आणि ठेवली तरी मग एकदम विजेच्या वेगाने खाली येत नाही. मार्गिटची येते. ॲनिमेशन करणाऱ्याने मध्येच वेळ ताणलाय आणि शेवटी एकदम सोडलाय. शरीर बघून ओळखता येईल असं त्यात कमी आहे, पाठ करावं लागतं. सेकिरोत ग्योबू घोड्यावरून भाला फिरवतो तेव्हा त्याचं वजन आपल्याला कळतं. तिथे डोळ्यांनी शिकता येतं. इथे फक्त मरून शिकता येतं.

बाकी एक तांत्रिक गोष्ट कुणीच सांगितली नाही. एल्डन रिंगमध्ये रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे. दाबून धरलं की धाव. त्यामुळे रोल बटण सोडल्यावर लागतो, दाबल्यावर नाही. सेकिरोत दाबताक्षणी पाऊल पडतं. घाबरून तुम्ही बटण घट्ट दाबता, म्हणजे जितके जास्त घाबराल तितका रोल उशिरा. हलकी टिचकी मारा. आणि दोनदा दाबू नका. दुसरं दाबणं रांगेत उभं राहतं आणि पहिला रोल संपल्यावर नको असताना दुसरा लागतो. तुम्ही जे वर्णन केलंय, 'रोल संपतो आणि मग तो मारतो', त्यात अर्धा वाटा मला या दुसऱ्या रोलचा वाटतो.

पनवेलचा निशाचर
अरे, हे सोडण्याचं माहीतच नव्हतं. कुठेही लिहिलेलं नाही. आज रात्री बघतो.

टोरांटोचा तात्या
वाखु (वाचनखूण) साठवली. इतकी वर्षं खेळतोय, सोडल्यावर रोल लागतो हे मलाही आत्ता कळलं.

सोनाली म्ह
इथे सगळे खांदे आणि काख बघत बसलेत, कुणी विचारलं का की लेव्हल काय आहे, तलवार काय आहे? निशाचर, तुमच्या पोस्टवरून वाटतं की तुम्ही सुरुवातीच्या चर्चपासून सोनेरी रेघेच्या मागे सरळ किल्ल्यावर गेलात. ती रेघ दिशा दाखवते. 'आत्ताच जा' असं म्हणत नाही.

सेकिरोत ताकद वाढवायची सोयच जवळपास नाही. हल्ल्याची शक्ती वाढते ती मोठ्या बॉसच्या आठवणी मिळाल्या की, म्हणजे बॉस हरवल्यावरच. तो खेळ म्हणतो की तू सुधार. एल्डन रिंग म्हणतो की तू सुधार, नाहीतर दुसरीकडे जाऊन ये. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला पूर्ण फिरा. चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळतात, त्याने फ्लास्कचा गुण वाढतो. गोल्डन सीड मिळाल्या की फ्लास्कची संख्या वाढते. लिमग्रेव्हच्या खाणीतून स्मिदिंग स्टोन आणा, चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत नेता येतं. सुरुवातीला स्ट्रेंग्थ नाहीतर डेक्स्टेरिटीत चार-पाच पॉइंट टाकून जे मिळत नाही ते हत्यार +३ केल्याने मिळतं. आणि व्हिगर, म्हणजे आयुष्याची पट्टी वाढवणारा गुण! सगळे नवीन लोक हल्ला वाढवतात आणि मग 'एका फटक्यात मेलो' म्हणून रडतात. व्हिगर पुढे ४० पर्यंत न्यायचाच आहे, आतापासून सुरुवात करा.

आणि अंगावरचं ओझं बघा. ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल न लागता लोळण लागते. चिलखत छान दिसतं म्हणून घालू नका.

बिनधास्त बाई
'चिलखत छान दिसतं म्हणून घालू नका.' माफ करा ताई, मग खेळायचंच कशाला?

ढाल नको
सोनाली यांचं म्हणणं कळतं, पण अशाने बॉस शिकला जात नाही, बॉस बुजवला जातो. मी निशाचर यांच्या बाजूने आहे. राख वापरू नका.

लोक समजतात की आम्ही हे मिरवण्यासाठी म्हणतो. तसं नाही. राखेतून लांडगे बोलावले की बॉस क्षणात तुमच्याकडे, क्षणात त्यांच्याकडे वळतो. त्याच्या वारांची साखळी मध्येच तुटते. तो कोणता वार कशानंतर करतो हे तुम्हाला कधी दिसतच नाही. जिंकलात तर नशिबाने जिंकता, आणि पुढच्या बॉसला पुन्हा कोरी पाटी. एकटं लढलं की बॉस तुमच्याशीच बोलत असतो.

जुना जाणता
@ढाल नको, साखळी तुटण्याचा मुद्दा मान्य. पण 'एकटं लढणं हाच खरा खेळ' हे इतिहासाला धरून नाही. डीमन्स सोल्समध्ये पहिल्या दिवसापासून निळी भुतं मदतीला बोलावता येत होती. डार्क सोल्स १ मध्ये ऑर्नस्टीन आणि स्मोच्या दारात सोलेअर या साथीदाराला बोलावायची खूण जमिनीवर ठेवलेलीच आहे. खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलीय, कुणी चोरून नाही आणली. एक चपळ भालेवाला आणि एक हातोड्यावाला जाड्या एकाच वेळी अंगावर येतात, एकाला मारलं की दुसरा त्याची ताकद घेऊन पूर्ण बरा होतो. तिथे खांबांच्या आडोशाने दोघांना वेगळं करायचं किंवा सोलेअरला एकावर सोडायचं, दोन्ही उत्तरं खेळातच आहेत.

या सगळ्यात सेकिरोच अपवाद आहे. तिथे कुणालाच बोलवता येत नाही. तो खेळ एकट्याच्या तलवारीसाठी बांधलाय आणि म्हणूनच त्याची लय इतकी स्वच्छ आहे. निशाचर तिथून आल्यामुळे त्याला अपवादच नियम वाटतोय.

आणि डार्क सोल्स १ चा पहिलाच बॉस आठवतोय का? असायलम डीमन. हातात मोडकी तलवार, समोर हा डोंगर. तिथे लढायचंच नसतं. बाजूच्या दारातून पळायचं असतं. मग हत्यार मिळवून वरच्या सज्जातून त्याच्या डोक्यावर उडी मारायची. मालिकेचा पहिला धडाच 'पळ' हा आहे.

निवृत्त नाही
मी ५४ वर्षांचा आहे. उजव्या अंगठ्याच्या सांध्याला डॉक्टरांनी नाव दिलंय, ते इथे लिहीत नाही. मी जादूगार बिल्ड खेळतो, लांबून मारतो, आणि मिमिक टिअरची राख बिनदिक्कत वापरतो. माझीच हुबेहूब प्रतिकृती उभी राहते. तिला बोलवायला जादूचे पॉइंट नाही, स्वतःचं थोडं आयुष्य द्यावं लागतं, हे मला फार आवडतं. मार्च २०२२ च्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) तिला दुबळी केली तेव्हा मी खरोखर हळहळलो होतो.

ढाल नको, तुमचं 'बॉस तुमच्याशीच बोलतो' हे वाक्य छान आहे. पण माझा बॉस माझ्याशी फार वेगात बोलतो हो. मला दुभाषा लागतो.

चहाबाज
काकांचा प्रतिसाद जिंकला. धागा बंद करा.

ढाल नको
@निवृत्त नाही काका, तुमच्याबद्दल नव्हतं ते. आवर्जून वापरा. माझा रोख ज्यांचे अंगठे धडधाकट आहेत त्यांच्यावर.

निवृत्त नाही
रोख कळला. पण धडधाकट अंगठेवाल्यांनीही वापरलं तर माझं काही म्हणणं नाही. सीमा तुम्ही आखताय, खेळाने आखलेली नाही.

टोरांटोचा तात्या
राखेचा विषय निघालाच आहे तर मलेनिया या बॉसबद्दल लिहितो. तिथे दोन्ही बाजूंचा पोपट होतो.

मलेनियाचा वार लागला की तिचं आयुष्य भरतं. ढालीवर घेतला तरी भरतं. तुमच्या राखेतल्या साथीदाराला लागला तरी भरतं! म्हणजे मिमिक टिअर तिच्यासमोर मार खात उभी राहिली तर तुम्ही तिला खाऊ घालताय. ढालवाले, राखवाले, सगळे इथे पस्तावतात. पण ढाल नको यांनी लगेच खूश होऊ नये, कारण एकट्याने लढताना तिचा वॉटरफाउल डान्स येतो. हवेत उठते, क्षणभर लटकते आणि मग वारांची वावटळ. जवळ असाल तर बहुतेक तिथेच खेळ संपतो.

उपाय: ती उठली की पहिल्या झोतापासून पाठ फिरवून धावायचं, दुसऱ्यात तिच्या खालून आत रोल, तिसऱ्यात पुन्हा आत. हे जमत नसेल तर थंडीचा गोळा, फ्रीझिंग पॉट जवळ ठेवा. ती उठताना तो मारून तिला फ्रॉस्टबाइट झाला की नाच मध्येच तुटतो. आणि एवढी भयंकर बाई, पण पॉइज कमी. जड हत्याराचा एक नीट वार लागला की डगमगते. रक्तस्रावही तिच्यावर चालतो. खेळाने दारं ठेवलीयत, फक्त पाट्या लावलेल्या नाहीत.

अवांतर: डोक्यावर मडकं, अंगावर लंगोट, दोन हातांत दोन काताना घेऊन दुसऱ्यांच्या मदतीला जाणारा तो 'लेट मी सोलो हर' आठवतो का? बोलावणाऱ्याने नुसतं बाजूला उभं राहायचं, हा एकटाच मलेनियाला मारायचा. २०२२ मध्ये त्याचा आकडा हजारावर गेला. प्रकाशकांनी, म्हणजे बांदाई नामकोने, त्याला भेट म्हणून खरी तलवार पाठवली. थोडक्यात, एकट्याने लढणाऱ्यांचं दैवत हे मुळात दुसऱ्याने मदतीला बोलावलेला समन होतं. ढाल नको, यावर आपलं मत?

ढाल नको
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

चहाबाज
खिक्क!

सोनाली म्ह
😀 आता माझी खरी तक्रार. या खेळाला पॉज नाही. सेकिरोत होता. इथे बॉस अर्ध्यावर आला की बेल वाजते, दारात भाजीवाला, सासूबाई आतून 'अगं बघ जरा', आणि मार्गिट काही थांबत नाही. एरवी काठी घेऊन थांबायला त्याला वेळच वेळ असतो.

कोडवाला
सोनालीताई, एक पळवाट आहे. मेनू उघडा, इन्व्हेंटरीत जा, मदतीच्या बटणातून 'मेनू एक्सप्लनेशन' उघडा. तो मजकूर पडद्यावर असेपर्यंत खेळ थांबलेला असतो. ऑनलाइन सोबत कुणी असेल तर चालत नाही, एकट्याने चालतं.

सोनाली म्ह
कोडवाला, तुम्हाला काय हवं ते मागा. मेथीची जुडी पाठवू?

रांगडा गडी
आमच्याकडं पॉजची सोय महावितरण करतंय.

बिनधास्त बाई
मार्गिटसाठी सरळ मार्ग कुणी सांगितलाच नाही. मर्कवॉटर गुहेत जा. तिथे पॅचेस नावाचा इरसाल माणूस आहे. आधी तुमच्यावर हल्ला करतो, मग अर्धमेला झाला की गुडघे टेकून गयावया करतो. तिथे हात आवरायचा, मारायचं नाही. मग तो दुकान मांडतो. त्याच्याकडे ५००० रून्सना (रून्स म्हणजे खेळातलं चलन) मार्गिट्स शॅकल मिळते. पहिल्या भागात ती वापरली की सोनेरी बेड्या मार्गिटला जमिनीला खिळवतात. एका लढाईत दोनदाच चालते, पण तेवढ्यात भरपूर मारून होतं. शिवाय धुक्याच्या दाराआधी रोजिएर नावाच्या जादूगाराची खूण आहे. तो राख नाही, माणूस आहे. निशाचरांच्या अटीत बसतो.

पनवेलचा निशाचर
माणूसही नको. 😅 शॅकलबद्दल विचार करतो. ती वस्तू आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या…

जुना जाणता
वस्तू चालते, राख चालत नाही, माणूस चालत नाही. हा सोवळ्याचा नवीन प्रकार दिसतोय.

बिनधास्त बाईंनी काढलेला विषय महत्त्वाचा आहे. या मालिकेत बॉसची नस बहुतेक वेळा जगात कुठेतरी ठेवलेली असते. ब्लडबोर्नमध्ये (२०१५) फादर गॅस्कॉइन भेटण्याआधी एका खिडकीतली लहान मुलगी तुम्हाला छोटी म्युझिक बॉक्स देते. ती लढाईत वाजवली की तो डोकं धरून उभा राहतो, कारण ती त्याच्याच मुलीने दिलेली असते. कथा कळते आणि वारही मिळतो. एल्डन रिंगमध्ये मोहग 'त्रेस, दुओ, उनुस' असं मोजत येतो आणि मोजणी संपली की तुमचं रक्त शोषतो. त्यावर प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर आहे. गॉडस्किन जोडीतल्या एकाला झोपेच्या मडक्याने झोपवून दुसऱ्याशी लढता येतं. फायर जायंटच्या डाव्या पायाला पट्टी दिसते, म्हणजे कुठे मारायचं हे त्याने लिहूनच ठेवलंय. हे शोधणं म्हणजे लबाडी नाही. मला तर अंगठ्याच्या चपळाईपेक्षा यात जास्त मजा येते.

कोडवाला
यावर मात्र असहमत. गॅस्कॉइनची म्युझिक बॉक्स सुंदरच आहे, कारण ती मिळाली नाही तरी तो खेळता येण्यासारखा बॉस आहे. कबरींच्या आडोशाने लढा, बंदुकीने पॅरी करा (त्याचा वार मध्येच तोडा), लागलंच तर लगेच उलटा वार करून गेलेलं आयुष्य परत मिळवा. गॉडस्किन जोडी झोपेच्या मडक्याशिवाय नुसती कंटाळवाणी आहे. एक मेला की दुसऱ्यासोबत पुन्हा उठतो. किल्ली चांगली आहे म्हणून कुलूप चांगलं ठरत नाही.

आणि बनवणाऱ्यांनाही कधी कधी हात आखडता घ्यावा लागतोच की. २०२४ च्या जूनमध्ये एल्डन रिंगचा विस्तार, शॅडो ऑफ द अर्डट्री, आला, त्यातला शेवटचा बॉस राडान इतका अंगावर आला की सप्टेंबरच्या १.१४ पॅचमध्ये त्याचे वार बदलले. मूळ खेळातल्या राडानची गंमत उलटी. २०२२ मध्ये एका पॅचमध्ये तो चुकून दुबळा झाला आणि नंतरच्या पॅचमध्ये त्याला ताकद परत दिली. मधल्या काळात ज्यांनी त्याला मारलं त्यांनी गप्प बसावं.

टोरांटोचा तात्या
गप्प बसलो आहे.

रांगडा गडी
राडानचा तो उत्सव मला फार आवडला राव. रेडमेन किल्ल्यावर सगळे योद्धे जमतात, जमिनीवर खुणाच खुणा, आणि तो अलेक्झांडर, मडक्याचा पैलवान, तुमच्यासोबत धावत सुटतो. एवढा प्रचंड राडान आणि त्याच्या बुडाखाली ते मरतुकडं घोडं. पॅचेस पण येतो आणि बघून माघारी फिरतो.

बिनधास्त बाई
सर्वात शहाणा तोच.

पनवेलचा निशाचर
अपडेट. मार्गिट पडला. 🎉

सोनालीताईंचं ऐकून आधी वीपिंग पेनिन्सुला फिरून आलो. हत्यार +३, व्हिगर वाढवला, फ्लास्कही वाढले. राख नाही, रोजिएर नाही. शॅकल विकत घेतली आणि खिशात ठेवली, वापरली नाही (जुना जाणता, हसू नका).

खरा फरक दोन गोष्टींनी पडला. एक म्हणजे बटण सोडण्याचं. सुरुवातीला अंगठा ऐकत नव्हता, पण टिचकी जमल्यावर रोल माझ्या हातात आला. दुसरी गोष्ट इथे कुणी सांगितली नाही, ती मी शोधली: गार्ड काउंटर. शारीरिक मार शंभर टक्के अडवणारी ढाल घेतली. त्याने कितीही वेळ काठी हवेत धरली तरी ढालीला काय फरक पडतो? ढाल वरच आहे. काठी आदळली की लगेच जोराच्या हल्ल्याचं बटण, धाडकन उलटा वार. असे काही वार आणि मध्ये उडी मारून एक-दोन जड वार बसले की तो गुडघ्यावर येतो आणि छातीत तलवार घालता येते. पट्टी दिसत नाही, पण सेकिरोचा पॉश्चरच आहे हा, लपवून ठेवलेला. हे कळल्यावर घरी आल्यासारखं वाटलं. सोनेरी हातोडा काढल्यावर मात्र ढाल पुरत नाही, तिथे रांगडा गडी यांच्या काखेनेच वाचवलं.

तरी माझं मूळ मत बदललेलं नाही. ते थांबणं मला अजूनही आवडत नाही. कोडवाला म्हणतात तसं, ते डोळ्यांनी शिकता येत नाही. मी ते शिकलो नाहीच, ढालीआड बसून टाळलं.

ढाल नको
माझा आयडी बघून तरी हा प्रतिसाद लिहायचा होता.

जुना जाणता
अभिनंदन! आणि टाळलं तर टाळलं. मला आवडतं ते थांबणं, तुला नाही. पुढे मॉर्गॉट या बॉसला भेटशील तेव्हा पुन्हा बोलू.

पॉश्चर इतका आवडत असेल तर एक आमिष दाखवून ठेवतो. शॅडो ऑफ द अर्डट्रीमध्ये डिफ्लेक्टिंग हार्डटिअर आहे. वंड्रस फिझिकमध्ये मिसळून प्यायलं की ऐन क्षणी धरलेली ढाल किंवा तलवार जवळपास सेकिरोसारखी डिफ्लेक्ट करते आणि पुढचा गार्ड काउंटर जोरदार लागतो. फक्त तिथे जायला आधी राडान आणि मोहग दोघांनाही मारावं लागतं.

पनवेलचा निशाचर
म्हणजे दिवाळीपर्यंत पोचतो.

कोडवाला
कुठल्या दिवाळीपर्यंत ते लिहिलं नाहीत.

नवखी नेहा
नमस्कार, मी वाचनमात्र होते, आज आयडी काढला. धागा वाचून मार्गिट झाला, शॅकल आणि लांडगे दोन्ही वापरून (ढाल नको, सॉरी). आता किल्ल्याच्या आत आहे. दारावरचा तो गोस्टॉक म्हणतो की समोरच्या दाराने जाऊ नकोस, बाजूच्या वाटेने जा. त्याच्यावर विश्वास ठेवू का? आणि शॅकल किल्ल्याच्या बॉसवर, गॉड्रिकवर, चालते का?

सोनाली म्ह
शॅकल गॉड्रिकवर चालत नाही. बाजूच्या वाटेबद्दल तो खरं सांगतोय, तिकडूनच जा, सामानही जास्त मिळेल. पण गोस्टॉकवर भरवसा ठेवू नकोस. किल्ल्यात तू मेलीस की तुझ्या रून्समधला वाटा तो हळूच उचलतो.

नवखी नेहा
काय!! तरीच हिशोब लागत नव्हता.

सोनाली म्ह
आत नेफेली लू नावाची बाई भेटेल, तिच्याशी बोलून घे. मग गॉड्रिकच्या दाराबाहेर तिची खूण येते. दुसऱ्या भागात तो हाताला ड्रॅगनचं डोकं लावतो. आग ओकायला लागला की समोरून हटून पाठीमागे जा.

ढाल नको
नेफेलीला बोलावण्याआधी एकदा एकटीने जाऊन बघ. एकदाच. त्याचे कुऱ्हाडीचे वार फार सुंदर आहेत, गर्दीत दिसत नाहीत.

नवखी नेहा
बरं, एकदा जाते. मेल्यावर रून्स गोस्टॉक खाईल ना पण?

ढाल नको
आधी सगळे खर्च करून जा.